नवी आवृत्ती आणि आपले बदल

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या अनेक हस्तलिखित नकला होत गेल्या. नकलाकारांपैकी कोणी दुर्बोध शब्द काढून त्या जागी सोपा घातला, कोणी पदरची ओवी जोडली, आणि पुढच्या नकलाकाराने ते सारे मूळचेच समजून उतरून घेतले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथमहाराजांनी पाठ ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ह्या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेविले. जो आपले म्हणणे मूळ ग्रंथाच्या अंगात घुसवितो, त्याचे लेखन ग्रंथशुद्धीच्या वेळी गळून पडते. जो ते निराळ्या टीकेत लिहितो, त्याच्या लेखनास अशा शुद्धीने धक्का पोहोचत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न आज रोज उभा राहतो. शाळा, ग्रंथालये, मंडळे, लहान दुकाने अशा अनेकांची संकेतस्थळे दुसऱ्याने रचलेल्या तयार आज्ञावलीवर उभी असतात. त्या आज्ञावलीत आपण आपल्या सोयीचे फेरफार करतो. काही दिवसांनी तिची नवी आवृत्ती येते, एक कळ दाबली की ती बसते, आणि आपण कष्टाने केलेले फेरफार एका क्षणात नाहीसे होतात. असे का घडते, गेलेले परत कसे आणावे आणि पुन्हा ते घडू नये म्हणून काय करावे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

संकेतस्थळाची घडण

उदाहरणासाठी आपण वर्डप्रेस ही आज्ञावली घेऊ. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनी बी-टू नावाच्या जुन्या आज्ञावलीवरून ती तयार केली आणि तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. ती मुक्त आहे. म्हणजे कोणीही ती विनामूल्य घ्यावी, उघडून पाहावी आणि बदलावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. तिच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या संकेतस्थळाचे स्थूलमानाने चार भाग पडतात.

पहिला भाग गाभा. पाने तयार करणे, लेखकांची ओळख पटविणे, मजकूर साठविणे ही मूलभूत कामे तो करतो. दुसरा भाग थीम, म्हणजे संकेतस्थळाचा वेष. अक्षर कोणते, रंग कोणते, शीर्षक कोठे, हे सारे थीम ठरविते. वर्डप्रेसमध्ये थीमची सोय २००५ मधील १.५ ह्या आवृत्तीपासून आली. तिसरा भाग प्लगइन, म्हणजे वरून जोडावयाची लहान लहान साधने. कोणी छायाचित्रांची मांडणी करते, तर कोणी वाचकाकडून अर्ज भरून घेते. चौथा भाग आपला स्वतःचा. आपण लिहिलेला मजकूर व केलेल्या निवडी डेटाबेसमध्ये असतात, आणि चित्रे व इतर फायली एका निराळ्या फोल्डरमध्ये असतात.

हे चार भाग निरनिराळे आहेत, ही गोष्ट वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावी. पहिल्या तीन भागांचे धनी दुसरे आहेत. ते ते भाग ज्यांनी लिहिले, तेच त्यांच्या नव्या आवृत्त्या काढतात. चौथा भाग तेवढा सर्वस्वी आपला. बहुतेक सारा घोटाळा, आपली वस्तू दुसऱ्याच्या भागात ठेविल्यामुळे होतो.

बदल का नाहीसे होतात?

समजा, परप्रांतातील एका मराठी शाळेने आपले संकेतस्थळ उभारले आणि त्यासाठी परदेशी बनावटीची एक सुबक थीम निवडली. ती थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. त्यांच्यामध्ये थोडे अंतर टाकले तर शीर्षक भारदस्त दिसते. तेच अंतर देवनागरीत टाकले की शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटलेल्या बांगड्यांसारखा दिसू लागतो. रोमन ओळींना पुरणारी उंची देवनागरीस अपुरी पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस टेकतो. शिवाय पान मराठी भाषेतील आहे अशी खूण पानाच्या आरंभी केलेली असली, तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवितात. खूण नसली तर ती हिंदी वळणाने उमटू शकतात.

तेव्हा शाळेतील एखादा उत्साही शिक्षक थीमच्या फायली उघडतो. अक्षरांमधील अंतर काढून टाकतो, ओळींची उंची वाढवितो, चांगला देवनागरी फाँट जोडतो, भाषेची खूण दुरुस्त करतो आणि ‘पुढे वाचा’ असे मराठी शब्द जागोजागी घालतो. हे फेरफार म्हणजे केवळ नटवेपणा नव्हे. ते नसतील तर मराठी पान नीट वाचताच येत नाही.

पुढे थीमची नवी आवृत्ती येते. ती बसविताना संगणक काय करतो? जुन्या फायली एकेक उघडून त्यांत सुधारणा करीत तो बसत नाही. तो नवी थीम गठ्ठ्याने उतरवून घेतो, जुन्या थीमचे फोल्डर बाजूस काढतो आणि त्या जागी नवे फोल्डर ठेवितो. शिक्षकाने केलेले बदल जुन्या फायलींत होते. फायली गेल्या, तसे बदलही गेले. संगणकाने येथे कोणतीही चूक केलेली नाही. त्या फोल्डरमध्ये थीमकाराखेरीज दुसऱ्या कोणाचे काही असेल, अशी त्याला कल्पनाच दिलेली नव्हती.

विद्यार्थ्यांना हे त्यांच्या नित्याच्या अनुभवावरून सहज कळेल. पाठ्यपुस्तकाच्या समासात तुम्ही वर्षभर टिपणे लिहिलीत. पुढच्या वर्षी पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली आणि जुने पुस्तक रद्दीत गेले, तर टिपणेही रद्दीत जातात. तीच टिपणे वहीत असती, तर नव्या पुस्तकाशेजारी ती वही उघडून बसता आले असते.

ह्याउलट, त्याच वेळी शाळेचे लेख, सूचना व छायाचित्रे जशीच्या तशी राहतात, कारण ती डेटाबेसमध्ये आणि आपल्या फोल्डरमध्ये असतात. म्हणून अपडेटनंतर ‘सगळे संकेतस्थळ गेले’ असा आक्रोश झाला, तरी पुष्कळदा गेलेला असतो तो केवळ वेष. देह शाबूत असतो.

मग नवी आवृत्ती घेऊच नये काय?

अशा अनुभवाने पोळलेला मनुष्य साहजिकच म्हणतो, की चाललेल्या गाड्यास खीळ कशाला? आहे तीच आवृत्ती राहू द्यावी. हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. परंतु तो धोक्याचा आहे.

ह्याचे ठळक उदाहरण २०१७ सालचे आहे. वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ ह्या आवृत्त्यांत एक गंभीर उणीव राहून गेली होती. तिच्यामुळे परवलीचा शब्द ठाऊक नसलेला कोणीही परका मनुष्य दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील लेख बदलू शकत असे. २६ जानेवारी २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ४.७.२ ह्या आवृत्तीत ती उणीव दूर करण्यात आली. बहुसंख्य स्थळांवर दुरुस्ती पोहोचावी म्हणून तिचा तपशील काही दिवस गुप्त ठेवून १ फेब्रुवारीस जाहीर केला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ज्यांनी नवी आवृत्ती घेतली नव्हती अशा स्थळांवरील लाखो पाने उपद्व्यापी लोकांनी विद्रूप केली.

ह्या प्रसंगात दोन धडे आहेत. उणीव आली तीही नव्या आवृत्तीबरोबरच. म्हणून नवे ते सारे निर्दोष, असे मानू नये. परंतु उणीव जाहीर झाल्यावर जुनी आवृत्ती ठेवणे म्हणजे कुलूप मोडल्याची दवंडी गावात पिटली गेल्यावर दार तसेच ठेवून झोपणे होय. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या वेळेवर पोहोचाव्यात म्हणूनच वर्डप्रेसने २०१३ मधील ३.७ ह्या आवृत्तीपासून गाभ्यातील लहान दुरुस्त्या आपोआप बसविण्याची व्यवस्था केली आहे. तेव्हा प्रश्न नवे घ्यावे की न घ्यावे हा नसून, आपले न गमावता नवे कसे घ्यावे हा आहे.

गेलेले परत कसे आणावे?

प्रथम ज्याचे बदल आधीच गेले आहेत, त्याचा विचार करू. अशा वेळी घाईने नवीन फायलींतच पुन्हा हात घालणे बरे नव्हे. पुढील क्रम उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, आहे त्या स्थितीची एक नक्कल काढून ठेवावी आणि जुने बॅकअप पुसले जाणार नाहीत ह्याची खात्री करावी. संकेतस्थळास जागा भाड्याने देणाऱ्या पुष्कळ कंपन्या रोजचे बॅकअप काही ठराविक दिवसच राखतात. मुदत संपली की जुने जाऊन त्या जागी नवे येते. म्हणून त्यांना विचारावयाचे ते पहिल्याच दिवशी. वर्डप्रेस स्वतःही थीम बदलताना जुनी प्रत क्षणभर बाजूस ठेविते, परंतु ती नवी आवृत्ती बसविणे फसले तर मागे येता यावे एवढ्यापुरतीच. काम पार पडले की ती काढून टाकली जाते. तिच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी गोष्ट, जुन्या फायली कोठे कोठे असू शकतील ह्याचा शोध घ्यावा. ज्या संगणकावर बदल केले तेथे एखादी प्रत पडलेली असते. कोठेच काही न मिळाल्यास इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांची पाने वेळोवेळी टिपून ठेविते, आणि २००१ पासून वेबॅक मशीन ह्या नावाने तो संग्रह सर्वांना पाहता येतो. तेथे आपले जुने पान मिळाले तर त्याचा मजकूर आणि पुष्कळदा त्याचे सीएसएस, म्हणजे रंग-अक्षरांचे नियमही मिळतात. परंतु पीएचपी भाषेत लिहिलेला भाग तेथे मिळत नाही. पीएचपीच्या आज्ञा सर्व्हरवरच पार पाडल्या जातात. वाचकाकडे पोहोचते ते त्यांचे फळ. खानावळीत ताट पाहून पदार्थ ओळखता येतो, पण पाकक्रिया कळत नाही, तशातलाच हा प्रकार होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली बदललेली जुनी प्रत हाती आली, म्हणजे ती तशीच उचलून नव्याच्या जागी बसवू नये. तसे केल्यास नव्या आवृत्तीतील दुरुस्त्या आपण आपल्या हाताने पुसून टाकतो. त्याऐवजी थीमची तीच जुनी आवृत्ती, परंतु आपला हात न लागलेली, मिळवावी. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात थीमच्या मागील आवृत्त्या जपलेल्या असतात. मग ही अस्पर्श प्रत आणि आपली बदललेली प्रत समोरासमोर ठेवून ताडून पाहाव्यात. जेथे जेथे फरक दिसेल, तेवढेच आपले काम.

हे ताडून पाहण्याचे कष्ट डोळ्यांना द्यावे लागत नाहीत. त्यासाठी डिफ नावाचे साधन आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी ते युनिक्स प्रणालीसाठी तयार केले आणि १९७४ पासून ते वापरात आहे. दोन फायली त्याला दिल्या की कोणती ओळ गळली, कोणती वाढली आणि कोणती बदलली ह्याची यादी ते काढून देते. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल ह्यांनी पॅच हे साधन लिहिले. ते अशी यादी घेऊन दुसऱ्या फायलीवर तेच बदल करून देते. म्हणजे शिक्षकाने दोन वर्षांत केलेले काम हजारो ओळींत विखुरलेले असले, तरी ते नेमके किती आणि कोणते हे काही क्षणांत कळते. बहुधा ते पन्नास-शंभर ओळींचेच निघते आणि मनावरचे निम्मे ओझे उतरते.

ही यादी हाती आली की प्रत्येक बदलाबाबत एक प्रश्न विचारावा : ह्याची आता गरज आहे काय? कित्येक गोष्टी नव्या आवृत्तीने स्वतःच सुधारलेल्या असतात. ज्या उरतील, त्या मात्र पुन्हा जुन्या जागी घालू नयेत. त्यांना योग्य घर द्यावे.

बदलांना योग्य घर

हे घर म्हणजे चाइल्ड थीम. मूळ थीमला हात न लावता तिच्या शेजारी आपले एक निराळे लहान फोल्डर करावयाचे. त्यात स्टाइल डॉट सीएसएस नावाची एक फाईल असते आणि तिच्या आरंभी ‘टेम्प्लेट’ ह्या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहिलेले असते. एवढ्या एका ओळीने नाते जुळते. मग वर्डप्रेस कोणतेही पान रचताना आवश्यक साचा प्रथम चाइल्ड थीममध्ये शोधते. तेथे सापडला तर तो घेते, न सापडला तर मूळ थीमकडे जाते. ज्यात आपले काही म्हणणे आहे तेवढ्याच फायली आपण ठेवावयाच्या. बाकी सर्व मूळ थीमचे. मूळ थीमची नवी आवृत्ती आली म्हणजे मूळचे फोल्डर बदलते, आपले फोल्डर जागच्या जागी राहते.

येथे एक सावधगिरी हवी. मूळ थीममधील एखादा संपूर्ण साचा उतरवून आपण चाइल्ड थीममध्ये ठेविला, तर तो आपल्याकडे गोठतो. मूळ साच्यात पुढे एखादी महत्त्वाची दुरुस्ती झाली, तरी आपल्या गोठलेल्या साच्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा शक्य तेथवर पूर्ण फाईल न उचलता लहानात लहान बदल करावा, आणि उचललेल्या फायलींची प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मूळ फायलींशी तुलना करावी.

लहान बदल करण्यासाठी वर्डप्रेसने हुक म्हणजे जणू भिंतीवर खुंट्या ठेविल्या आहेत. पान रचले जात असता ठराविक टप्प्यांवर गाभा थांबून विचारतो : येथे कोणास काही करावयाचे आहे काय? आपली आज्ञा त्या खुंटीस टांगलेली असली की ती तेथे पार पाडली जाते. एखादे काम करवून घेणाऱ्या खुंटीस ॲक्शन आणि जाणारा मजकूर वाटेत बदलू देणाऱ्या खुंटीस फिल्टर म्हणतात. भिंतीस भोक न पाडता चित्र टांगावे, त्याप्रमाणे मूळ फाईल न उघडता काम होते. थीमशी संबंध नसलेले बदल अशा रीतीने आपल्या स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये ठेवावेत, म्हणजे उद्या थीमच बदलली तरी ते टिकतात.

केवळ रंग-अक्षरांचे चार नियम घालावयाचे असतील, तर चाइल्ड थीमचाही खटाटोप नको. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ४.७ ह्या आवृत्तीपासून ‘अतिरिक्त सीएसएस’ अशी सोय वर्डप्रेसमध्येच आहे. तेथे लिहिलेले नियम डेटाबेसमध्ये जातात, म्हणून थीमच्या अपडेटने ते पुसले जात नाहीत. मात्र ते त्या त्या थीमपुरते असतात. थीम बदलल्यास ते आपण होऊन बरोबर येत नाहीत. २०२२ पासून वर्डप्रेसमध्ये पानांचे साचेही पडद्यावरच मांडता येऊ लागले आहेत आणि तेही डेटाबेसमध्येच साठतात. तेथेही गोठण्याचा तोच नियम लागू आहे : आपण बदललेला साचा टिकतो, पण थीमकाराने त्याच साच्यात केलेली सुधारणा आपल्याला दिसत नाही.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत उदार आहे. ‘पुढे वाचा’ ह्यासारखे मराठी शब्द केवळ एका शाळेच्या उपयोगाचे नाहीत. ते थीमच्या फायलींत कोरून ठेवण्याऐवजी त्या थीमच्या अधिकृत मराठी भाषांतरात घातले, तर पुढच्या अपडेटबरोबर ते आपोआप आपल्याकडे येतात आणि जगातील प्रत्येक मराठी स्थळास मिळतात. वर्डप्रेसचे भाषांतर असेच स्वयंसेवकांच्या हातून होत आले आहे. तीच गोष्ट शिरोरेषेची. रोमन लिपीसाठी घातलेले अंतर देवनागरीस मारक ठरते, हे थीमकारास सभ्यपणे कळविले आणि त्याने ते मान्य केले, तर जो फेरफार आपण दर वेळी जपत होतो, तो जपण्याचे कारणच उरत नाही.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडविला?

हा प्रश्न एकट्या वर्डप्रेसचा नव्हे. डेबियन ही १९९३ मध्ये सुरू झालेली संगणकप्रणाली ह्या बाबतीत फार विचारी आहे. एखाद्या आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविताना ती जुळवणीच्या फायली तपासते. मूळ फाईल जशी दिली तशी आहे काय, हे तिने आधी नोंदवून ठेविलेल्या एका अंकमुद्रेवरून कळते. फाईल अस्पर्श असेल तर ती निमूटपणे बदलते. मालकाने तीत बदल केला असेल, पण नव्या आवृत्तीत ती फाईल पूर्वीचीच असेल, तर मालकाची ठेविते. दोघांनीही बदल केला असेल तरच ती थांबते आणि विचारते : तुमची ठेवू, की आमची घेऊ, की दोहोंतील फरक दाखवू? आणि कोणतेही उत्तर दिले तरी नाकारलेली प्रत निराळ्या नावाने जपून ठेविते.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो मीडियाविकी ह्या आज्ञावलीवर चालतो आणि विकिपीडियाच्या स्थळांवर ह्या आज्ञावलीची नवी आवृत्ती सर्वसाधारणपणे दर आठवड्यास चढविली जाते. दर आठवड्यास मराठी विकिपीडियाची खास मांडणी मोडली असती, तर तो चालताच ना. परंतु तेथील स्थानिक सीएसएस आणि स्थानिक शब्दयोजना आज्ञावलीच्या फायलींत नसून विकिपीडियाच्याच विशेष पानांवर लिहिलेली असते. ही पाने लेखांप्रमाणेच डेटाबेसमध्ये राहतात. ती बदलण्याचा अधिकार मोजक्या विश्वासू सदस्यांनाच असतो, आणि कोणी, केव्हा, काय बदलले ह्याचा पूर्ण इतिहास त्यांच्यामागे असतो. मूळ ग्रंथ एकीकडे, टीका दुसरीकडे, हे तत्त्व येथे सहज पाहावयास मिळते.

रंगीत तालीम आणि राखीव प्रत

नाटक मंडळी पहिल्या प्रयोगापूर्वी रंगीत तालीम घेतात. वेष, दिवे, पडदे सारे खरे. प्रेक्षक तेवढे नाहीत. संकेतस्थळाचीही अशी एक प्रतिकृती निराळ्या जागी करता येते. तिला स्टेजिंग म्हणतात. नवी आवृत्ती प्रथम तेथे बसवावी. मुखपृष्ठ, एक लेख, छायाचित्रांचे एक पान आणि एक अर्ज एवढे तरी संगणकावर व मोबाइलवर उघडून पाहावे. जोडाक्षरे व शिरोरेषा नीट आहेत काय हे डोळ्यांनी तपासावे. कारण ही चूक संगणकास चूक वाटत नाही. सर्व ठीक दिसले की मगच खऱ्या स्थळास हात लावावा.

तरीही अपघात होतातच. म्हणून अपडेटपूर्वी पूर्ण बॅकअप हवा : फायलींचाही आणि डेटाबेसचाही. एकाचा असून दुसऱ्याचा नसेल, तर तो अर्धाच. जाणकारांचा एक सोपा नियम आहे : प्रती तीन, साठविण्याची साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. सर्व प्रती एकाच सर्व्हरवर असतील, तर सर्व्हर बिघडताच त्या सर्व एकदम जातात.

आणि बॅकअप घेतला एवढ्यावर संतुष्ट राहू नये. त्यातून स्थळ पुन्हा उभे राहते काय हे कधीतरी करून पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या प्रसिद्ध कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. राखीव प्रती काढण्याचे अनेक मार्ग कंपनीने योजले होते. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा असे दिसून आले, की नेहमीची नक्कल काढणारे साधन ९.२ ह्या आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ ह्या आवृत्तीचा असल्यामुळे नक्कल निघतच नव्हती. आणि तसे कळविणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत निराळ्या कामासाठी काढलेली सापडली आणि तिच्यावरून काम सावरले. कंपनीने ही सारी हकीकत लपविली नाही, स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली. म्हणून ती आज आपल्याला शिकता येते. एक भाग अद्ययावत झाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला दुसरा मागे राहिला, तर काय होते ह्याचा तो धडा आहे.

बदलांची नोंदवही

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. काय बदलले हे लिहिलेले असते, पण का बदलले हे कोणी लिहीत नाही. ‘अक्षरांतील अंतर शून्य केले’ ही ओळ फाईलमध्ये दिसते. ‘कारण शिरोरेषा तुटत होती’ हे त्या शिक्षकाच्या डोक्यात असते. तो शिक्षक निवृत्त झाला, की पुढचा मनुष्य ती ओळ निरुपयोगी समजून काढून टाकतो.

लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी २००५ मध्ये तयार केलेले गिट हे साधन ह्या कामास उत्तम आहे. फायलींत केलेला प्रत्येक बदल ते तारखेसह व कर्त्याच्या नावासह नोंदविते आणि नोंद करताना चार शब्द कारणही लिहावयास सांगते. मागच्या कोणत्याही दिवसाच्या स्थितीस त्याच्या साहाय्याने परत जाता येते. परंतु गिट न येणाऱ्यानेही हात बांधून बसू नये. साधी शंभर पानी वही पुरे. तारीख, कोणती फाईल, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले, असे पाच रकाने आखावेत. वही कार्यालयात ठेवावी आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांपाशी असावी. परवलीचे शब्द मात्र तीत लिहू नयेत. ते निराळे व सुरक्षित ठेवावेत.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांना ह्या वहीची गरज अधिक आहे. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे वा हैदराबाद असो, तेथील शाळा, वाचनालये व मंडळे बहुधा थोड्या हौशी मंडळींच्या खांद्यांवर चालतात. संकेतस्थळ सांभाळणारा मनुष्य एकच असतो आणि त्याला त्याचे वेतनही नसते. त्याच स्थळावर जुन्या वार्षिकांची पाने असतात, दिवंगत गुरुजनांच्या आठवणी असतात. दूरदेशी गेलेला माजी विद्यार्थी रात्री ते उघडून आपल्या वर्गाचे छायाचित्र शोधीत असतो. एका अपडेटने ती अक्षरे वाचेनाशी झाली आणि दुरुस्त कशी करावी हे कोणासच ठाऊक नसले, तर मजकूर डेटाबेसमध्ये असूनही वाचकापुरता नाहीसाच होतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम कोणा मोठ्या तज्ज्ञाचेच आहे असे समजू नका. डिफ चालवून फरक पाहणे, दोन फायलींची चाइल्ड थीम करणे, एका वहीत पाच रकाने भरणे हे इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यास सहज जमण्याजोगे आहे. तुमच्या शाळेचे, गावातील वाचनालयाचे वा घरच्या दुकानाचे संकेतस्थळ असेल, तर ते सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांस तीन प्रश्न अवश्य विचारा : आपले बदल कोणत्या फोल्डरमध्ये आहेत? शेवटचा बॅकअप केव्हा घेतला आणि तो उघडून पाहिला काय? आणि हे सारे कोठे लिहून ठेविले आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली तर नवी आवृत्ती निर्धास्तपणे घ्यावी. एकाचेही उत्तर न मिळाले, तर आजच एक कोरी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसावे आणि पहिल्या पानावर तारीख घालावी.